युद्धकाळातील एक छायाचित्र : विमान कोणते, माणसे कोण?

आपल्या ग्रंथालयाची स्थापना झाली त्या सुमारास जन्मलेली मुले दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऐन विशीत होती. त्यांतील काही संस्थानच्या कचेऱ्यांत रुजू झाली, काही शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे गेली, आणि थोड्यांनी हवाई दलाची वाट धरली. त्या पिढीने मागे ठेवलेल्या वस्तूंत एक वस्तू अशी की, ती पाहून घरातील सर्व मंडळी क्षणभर थांबतात. पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नमुंजींच्या छायाचित्रांखाली दडलेला, तळहाताएवढा एक पिवळट कागद. त्यावर एक विमान आणि विमानापुढे खाकी पोशाखातील चारपाच तरुण. त्यांतला एक आपला, एवढे सर्वांस ठाऊक असते. बाकीचे कोण, विमान कोणते, स्थळ कोणते आणि साल कोणते, या प्रश्नांवर मात्र घरात एकच ठरीव वाक्य चालत आलेले असते : ‘आजोबा लढाईत विमान चालवीत होते.’

हे वाक्य कधी पूर्ण खरे असते, कधी अर्धे. त्याची शहानिशा करण्याचे साधन त्या कागदातच दडलेले असते. मात्र ते वाचण्याची एक रीत आहे. चेहऱ्यांपासून आरंभ करण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि तेथेच पुष्कळदा वाट चुकते. आरंभ विमानापासून करावा. माणसाच्या चेहऱ्यावर नाव लिहिलेले नसते. विमानाच्या अंगावर ते बहुधा असते.

हैदराबादकरांच्या बाबतीत या नावानेच पहिला घोटाळा होण्याचा संभव आहे. ‘हैदराबाद’ ही अक्षरे अंगावर मिरवणारी विमाने खरोखरच होती. १ नोव्हेंबर १९१७ रोजी इंग्लंडात रेंडकोम येथे ११० क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. तिला डी. एच. ९ ए जातीची जी पहिली विमाने मिळाली, ती निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून आलेली होती. प्रत्येक विमानावर देणगीचा उल्लेख आणि ‘हैदराबाद’ या नावापुढे अनुक्रमांक रंगविलेला असे. स्क्वाड्रनच्या नावालाही ‘हैदराबाद’ हे पद जोडले गेले ते यामुळेच. सप्टेंबर १९१८ मध्ये ही स्क्वाड्रन फ्रान्समध्ये दाखल झाली आणि जर्मनीतील कारखाने, रेल्वेची ठाणी व विमानतळ यांच्यावर दूर पल्ल्याचे बाँबहल्ले करू लागली. चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी इंजिन, दोन पंख एकावर एक, पुढे वैमानिक आणि मागे निरीक्षक, आणि नाकाशी मोटारीसारखा उभा चौकोनी रेडिएटर, ही या विमानाची ओळख. याच्या आधीच्या डी. एच. ९ चे नाक निमुळते होते. त्यामुळे दोन्ही विमाने शेजारी ठेवली तर नवशिक्यासही फरक कळतो.

या ताफ्यातील ‘हैदराबाद क्रमांक १२ अ’ या विमानाची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. कारण विमानाची ओळख किती दूरवर पोहोचू शकते हे तिच्यावरून कळते. वेस्टलँड कंपनीने बांधलेल्या या विमानाचा लष्करी अनुक्रमांक एफ १०१० असा होता. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली हे दोघे ते घेऊन जर्मनीवरील हल्ल्यास निघाले. त्यांना शत्रूच्या मुलखात उतरणे भाग पडले. दोघेही कैद झाले आणि विमान जर्मनांच्या हाती सापडले. युद्धानंतर ते बर्लिनच्या विमानसंग्रहालयात मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडू लागले तेव्हा तेथील संग्रहातील काही विमाने पूर्वेकडे हलविण्यात आली. त्यांतून हे विमान पोलंडमध्ये राहिले आणि पुढे क्राकोच्या संग्रहालयात आले. १९७७ साली ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाने पोलंडला एक स्पिटफायर विमान देऊन त्याच्या बदल्यात हे विमान घेतले. तेव्हापासून ते लंडनच्या हेन्डन येथील संग्रहालयाच्या ताब्यात आहे. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, पोलंड आणि पुन्हा इंग्लंड असा त्याचा प्रवास झाला. ज्या शहराचे नाव त्याच्या अंगावर होते, ते शहर मात्र त्याने कधी पाहिले नाही.

साठ वर्षांच्या या भ्रमंतीत विमानाची ओळख हरवली नाही, याचे श्रेय शेपटीकडील त्या एका अक्षराला आणि चार अंकांना द्यावे लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही पद्धत बदलून दोन अक्षरे व तीन अंक अशी झाली. छायाचित्रात हा अनुक्रमांक वाचता आला तर निम्मे काम झालेच. विमान कोणत्या कारखान्यात बांधले, कोणत्या स्क्वाड्रनकडे गेले आणि कधी मोडीत निघाले, याचा माग त्यावरून पुष्कळदा लागतो. भारतीय स्क्वाड्रनांच्या युद्धकाळातील दैनंदिन कार्यवाहीच्या नोंदवह्याही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. म्हणून भिंग हाती घ्यावे ते प्रथम विमानाच्या शेपटीसाठी.

दुसऱ्या महायुद्धात ‘हैदराबाद’ हे पद धारण करणाऱ्या स्क्वाड्रन तीन झाल्या : जुनी ११०, आणि तिच्या जोडीला १५२ व २५३. पैकी २५३ क्रमांकाची स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन युरोप आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात लढली. इकडे आली नाही. ११० क्रमांकाची १९४२ मध्ये भारतात आली आणि तिला व्हेंजन्स ही सूर मारून बाँब टाकणारी अमेरिकन विमाने मिळाली. १५२ क्रमांकाची १९४३ च्या अखेरीस आली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर स्पिटफायर घेऊन लढली. तिच्या अधिकृत चिन्हात निजामाची दस्तार होती. शिवाय ब्रह्मदेशात तिच्या विमानांच्या अंगावर, वर्तुळचिन्हातून झेप घेणारा काळा चित्ता रंगविलेला असे. असा चित्ता छायाचित्रात दिसला तर स्क्वाड्रन ओळखण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. पण लक्षात ठेवावयाचे ते असे की, या तिन्ही स्क्वाड्रन ब्रिटिश हवाई दलाच्या होत्या. त्यांचे ‘हैदराबाद’ देणगीचे होते, माणसांचे नव्हते. ‘आजोबा हैदराबाद स्क्वाड्रनमध्ये होते’ असे घरात सांगितले जात असेल तर आजोबा हैदराबादचे आणि स्क्वाड्रनमधले, अशी दोन वेगळी विधाने कालांतराने एकात मिसळली नाहीत ना, हे आधी तपासावे. भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रन निराळ्या होत्या. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर चार वापिती विमानांनिशी आरंभलेल्या या दलाच्या युद्ध संपताना नऊ स्क्वाड्रन झाल्या होत्या.

हैदराबादच्या घरातील छायाचित्रात ब्रह्मदेशापेक्षा बेगमपेठ असण्याची शक्यता अधिक. युद्धकाळात बेगमपेठेच्या विमानतळावर भारतीय हवाई दलाची १ क्रमांकाची प्राथमिक उड्डाण प्रशाला होती. पहिले धडे येथे घेऊन मुले पुढच्या शिक्षणासाठी अंबाल्यास जात. बेगमपेठेचे विमान म्हणजे टायगर मॉथ : दुपंखी, कापडाने मढविलेले, दोन उघड्या बैठकींचे, दोन पात्यांचा लाकडी पंखा आणि एकशेतीस अश्वशक्तीचे उलटे बसविलेले चार सिलिंडरांचे इंजिन. वरच्या पंखाच्या मध्यभागी पेट्रोलची टाकी फुगीर दिसते आणि दोन्ही पंखांची टोके किंचित मागे झुकलेली असतात. युद्धापूर्वी फ्लाइंग क्लबांत असलेल्या जिप्सी मॉथचे पंख सरळ असत. हा भेद ध्यानी ठेवला तर त्या दोन भावंडांत गल्लत होत नाही.

टायगर मॉथमध्ये कोण कोठे बसले आहे याला फार अर्थ आहे. शिक्षक पुढच्या बैठकीत आणि विद्यार्थी मागच्या. एकट्याने उड्डाण करतानाही मागेच बसावयाचे. तेव्हा पुढच्या बैठकीत बसून हसणारा तरुण पाहून ‘हा वैमानिक’ आणि मागचा ‘त्याचा मदतनीस’ असे कोणी म्हणत असेल, तर गोष्ट नेमकी उलटी असण्याचा संभव आहे. पंख्यापाशी हात टेकून उभा असलेला गडी पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. हे इंजिन पंखा हाताने फिरवूनच चालू करावे लागे, आणि ते धोक्याचे काम त्याचे असे.

आणखी एक प्रश्न येथेच विचारून घ्यावा. छायाचित्रात धोतर-कोट आणि काळी टोपी घातलेले वडील, नऊवारीतील आई आणि एखादे लहान मूल विमानाला हात लावून उभे आहे काय? तसे असेल तर ते युद्धकाळातील लष्करी विमान असण्याबद्दल शंका घ्यावी. लढाईच्या दिवसांत तळावर कॅमेरा नेणेच अवघड, मग कुटुंब नेणे तर दूरच. अशा वेळी पंखावर किंवा धडावर ‘व्ही टी’ ही अक्षरे शोधावीत. १९२९ पासून भारतातील नागरी विमानांवर ती अक्षरे असतात. ती सापडली तर विमान क्लबाचे किंवा खाजगी, आणि प्रसंग हौसेच्या फेरीचा.

इतर विमानांचा निर्देश थोडक्यात केला तरी पुरे. उंचावर बसविलेले पंख आणि चाकांवर मोठाल्या पादत्राणांसारखी आवरणे दिसली की ते लायसँडर. याची नुसती एक तंगडी छायाचित्रात आली तरी चुकावयाचे नाही. मुंबईच्या युद्धनिधीतून १ क्रमांकाच्या भारतीय स्क्वाड्रनला १९४१ मध्ये ही विमाने मिळाली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती ब्रह्मदेशात लढली. पाठीला पोक आणि चाकांच्या पायांत रुंद अंतर असेल तर हरिकेन. अंडाकृती पंख आणि जवळजवळ आलेले पाय असतील तर स्पिटफायर. वरून पाहता पंखांचा आकार मोडलेल्या रेषेसारखा दिसणारे व्हेंजन्स ७ व ८ क्रमांकांच्या भारतीय स्क्वाड्रनांकडेही होते.

साल ठरविण्यास पंखांवरील वर्तुळचिन्ह उपयोगी पडते. ब्रिटिश चिन्हाच्या मध्यभागी तांबडा ठिपका असे. जपान्यांच्या विमानांवरही तांबडा गोळा असल्याने आपल्याच लोकांची फसगत होऊ लागली. म्हणून भारत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो ठिपका काढून टाकण्यात आला आणि पुढे गडद व फिकट अशा दोन निळ्या छटांचे चिन्ह रूढ झाले. ठिपका नसेल तर छायाचित्र बहुधा १९४२ नंतरचे. पण येथे एक खाच आहे, आणि तीत जाणकारही पडतात. त्या काळातील स्वस्त फिल्म अनेकदा तांबड्या रंगाला आंधळी असे. अशा फिल्मवर तांबडे काळे उमटते, पिवळेही गडद दिसते आणि निळे फिकट पडते. प्रशालेच्या विमानांचा पोटाकडील पिवळा रंग अशा चित्रात काळपट दिसला म्हणून ते निराळे विमान ठरत नाही. आकार आधी पाहावा, रंगछटा नंतर.

कधीकधी छायाचित्र उलटेच छापलेले असते. निगेटिव्ह पालथी पडली की डावे उजवे होते. अक्षरे दिसत नसतील तर गणवेश पाहावा : वैमानिकाचे पंखचिन्ह डाव्या खिशाच्या वर असते. ते उजवीकडे दिसले तर मनुष्य चुकलेला नाही, छापणारा चुकला आहे.

या पंखचिन्हाशी येऊन घरातील मूळ वाक्याची परीक्षा होते. दोन्ही बाजूंस पसरलेले पंख असतील तर तो वैमानिक. एकाच बाजूचा पंख आणि मुळाशी अक्षर असेल तर नॅव्हिगेटर, निरीक्षक किंवा तोफची. टोपीच्या पुढच्या बाजूस पांढरी पट्टी असेल तर अजून शिकाऊ उमेदवार. बाहीवर दोन पात्यांचा पंखा असेल तर तो लीडिंग एअरक्राफ्ट्समन, म्हणजे बहुधा जमिनीवर काम करणारा. यांपैकी काहीच नसेल आणि हातात पाना किंवा तेलकट फडके असेल, तर फिटर किंवा रिगर. आरंभीच्या काळात या वर्गाला ‘हवाई सिपाही’ असे सुंदर नाव होते.

अनेक कुटुंबांना हा निष्कर्ष रुचत नाही. आजोबा वैमानिक नव्हते, फिटर होते, असे कळले की आवाज खाली येतो. यात हिरमुसण्यासारखे काय आहे ते समजत नाही. पंखांच्या तारा ताणणे, कापडाची चीर शिवणे, पावसाळ्यात आसामच्या चिखलात रात्रीतून इंजिन उतरवून पहाटे पुन्हा चढविणे, ही कामे ज्यांनी केली त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवूनच वैमानिक बैठकीत चढत. शिवाय, वैमानिकांची नावे राजपत्रात सापडतात. या माणसांची नावे घराबाहेर कोठे सापडणे कठीण. घरानेच त्यांना वैमानिक करून टाकले तर जो मनुष्य प्रत्यक्षात होता, तो कोठेच उरत नाही.

अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पट्ट्यांवरून दर्जा कळतो : एक बारीक पट्टी पायलट ऑफिसरची, एक रुंद फ्लाइंग ऑफिसरची, दोन फ्लाइट लेफ्टनंटच्या, दोहोंमध्ये एक बारीक असेल तर स्क्वाड्रन लीडर. दर्जा आणि राजपत्रातील बढतीची तारीख जुळवली की काळाची चौकट आखता येते. दलाच्या नावात ‘रॉयल’ हे पद मार्च १९४५ मध्ये जोडले गेले. ते आद्याक्षर कोठे दिसले तर छायाचित्र त्यानंतरचे. छातीवर बर्मा स्टारची फीत असेल तर ते मे १९४५ च्या आधीचे नाही.

आता नावे. कागदाच्या पाठीवर, ‘व्हेलॉक्स’ या फिकट छापील अक्षरांवरून, कोणी शिसपेन्सिलीने लिहिलेले असते : ‘अण्णा, बापू, मी, नाना’. लिहिणाऱ्याला ते पुरेसे होते. दलाच्या नोंदीत मात्र अण्णाही नसतो आणि नानाही नसतो. तेथे आद्याक्षरे आणि आडनाव असते, आणि तेही इंग्रजीत. इंग्रजीला ‘ळ’ नाही. काळे तेथे काले होतात आणि गोळे गोले. युद्धकाळातच दलात आलेले आणि १९७६ ते १९७८ या काळात वायुदलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर इंग्रजी लिपीत मूलगावकर आहेत. अनुस्वाराचीही तीच गत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल चंद्र सेन यांच्याबरोबर मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर होते. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून लढताना ते बेपत्ता झाले आणि ३० जून १९१८ रोजी मरण पावले; फ्रान्समध्ये हँगार्ड येथे त्यांचे दफन आहे. गोव्यातील वेलिंग गावाकडे बोट दाखविणारे हे आडनाव नोंदीत ‘वेलिनकर’ असे आहे. ‘वेलिंगकर’ म्हणून शोधणाऱ्याला ते सहजी सापडत नाहीत. पगडी व दाढीमुळे मलिक मात्र कोणत्याही समूहचित्रात दुरून ओळखू येतात. त्यांनी पगडीवर बसेल असे खास शिरस्त्राण करवून घेतले होते.

हैदराबाद संस्थानातील मराठी माणसांपुढे अडचण आणखी एक. येथे आडनावाऐवजी नावापुढील ‘राव’ हेच इंग्रजी कागदावर आडनाव होऊन बसे. एखादे माधवराव देशपांडे ‘एम. राव’ म्हणून नोंदले गेले असतील, तर पुढच्या संशोधकाने त्यांना तेलुगू समजावे यात नवल नाही. म्हणून नावापेक्षा सेवाक्रमांक मोलाचा. जुना पगारपट, सुटीचा दाखला, पदकाची पेटी यांवर तो असतो. तो मिळाला की दिल्लीतील वायुदलाच्या अभिलेख कार्यालयाकडे विचारणा करता येते. जे परत आलेच नाहीत आणि ज्यांची कबरही नाही किंवा दहनाची जागा माहीत नाही, अशा पूर्वेकडील आघाडीवरील हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रान्जी येथील स्मारकावर कोरलेली आहेत.

उरतात ते नोंदींत न सापडणारे चेहरे. त्यांच्यासाठी माणसांनाच विचारावे लागते, आणि येथे घाई नडते. छायाचित्र मोठे करून घ्यावे, पातळ कागदावर प्रत्येक आकृतीची बाह्यरेषा काढून तीत अंक घालावा, आणि वडीलधाऱ्यांना एकेकटे गाठून विचारावे. सर्वांना एकत्र बसवून विचारले की पहिला बोललेला म्हणेल तेच बाकीच्यांना आठवू लागते. कोणी काय सांगितले ते सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह टिपून ठेवावे, परस्परविरोधी असले तरी. चेहरा वयानुसार बदलतो. कानाची ठेवण फारशी बदलत नाही, म्हणून दुसऱ्या छायाचित्राशी ताडून पाहताना कान पाहावेत. पुरुषांपेक्षा घरातील वृद्ध स्त्रियांना विचारणे अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे. पुरुष विमानाबद्दल बोलतात. पण सुटीवर आलेल्या मुलाबरोबर जेवावयास आलेला मित्र कोण, त्याला वांगे चालत नसे, त्याची बहीण कोठे दिली होती, हे आजींच्या आणि आत्याबाईंच्या ध्यानात राहते.

१९४५ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज शंभरीच्या घरात आहे. त्याला दादा म्हणणारी धाकटी बहीणही नव्वदीत असेल. जे काय सांगतील ते कागदाच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. शाईच्या लेखणीने लिहू नये. ती काही वर्षांनी पलीकडे उमटते, आणि ज्याचे नाव लिहिले त्याच्याच चेहऱ्यावर डाग पडतो.